रिद्धीचा मुक्काम कोणाकडे?

आखातातल्या रुवैसमधल्या एका कंत्राटदार कंपनीत रामेश्वर पालांडे स्टोअरकीपर होता. बावीस वर्षांत आपल्या स्टोअरमधला एक नट-बोल्टसुद्धा हिशेबाबाहेर गेलेला नाही, ही बढाई तो भेटेल त्याला ऐकवायचा. "माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपण सही करत नाही," हे त्याचं पालुपद. असल्या माणसाने एकुलत्या एका भाचीबद्दल दोन खोटी पत्रं लिहावीत आणि दोन्हींवर झोकात सही ठोकावी, याला ग्रहदशेशिवाय दुसरं कारण देता येत नाही.

त्याचं झालं असं. रामेश्वरची धाकटी बहीण स्मिता आणि तिचा नवरा नीरव न्यू जर्सीत राहायचे. त्यांचं फाटलं. दोघं वेगवेगळ्या घरांत राहायला गेले, वकील आले, आणि या धामधुमीत आठ वर्षांच्या रिद्धीला ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला. नऊ जानेवारीला स्मिता तिला घेऊन रुवैसला आली, चार दिवस राहिली आणि "थोडे दिवस सांभाळ, दादा," म्हणून एकटीच परत गेली. ते थोडे दिवस वीस ऑगस्टला संपले.

रामेश्वर विधुर होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. फ्लॅटमध्ये आवाज म्हणाल तर तो एसीचा. तिथे ही पोरगी आली. तिची शाळा ऑनलाइन. न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजले की रुवैसमध्ये संध्याकाळचे पाच. दिवसभर ती खालच्या मजल्यावरच्या नूरजहाँभाभींकडे असायची आणि मामा ड्यूटीवरून आला की हॉलमध्ये अमेरिकेची शाळा भरायची. मामा मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तरी दोघांचं छान जमलं. ती गेल्यानंतरही कित्येक दिवस पाचच्या सुमाराला रामेश्वरचा हात आपोआप टीव्हीचा आवाज कमी करायला जायचा.

पुढच्या फेब्रुवारीत स्मिताचा मेसेज आला. मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ज्याच्याकडे मुक्कामाला, त्याला तिकडे टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे. दोन हजारांवर डॉलर, म्हणजे सात-आठ हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये, असं रामेश्वरने एकट्यानेच मोठ्याने म्हणून पाहिलं. स्मिताला एक पत्र हवं होतं: रिद्धी मामाकडे फक्त तीन आठवडे सुटीला आली होती, बाकी वर्षभर आईजवळच होती. बहीण एकटी पडलेली. रामेश्वरने पत्र लिहिलं. 'तीन आठवडे' लिहिताना पेन जरा अडलं, इतकंच.

आठ दिवसांनी नीरवचा मेसेज. त्यालाही पत्रच हवं होतं: रिद्धी मामाकडे दोन आठवडे, बाकी वर्षभर बापाजवळ. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण घटस्फोट अजून व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत नीरव घरचा जावई होता. जावयाने लग्नानंतर पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं. शिवाय अमेरिका केवढी मोठी, दोन कागद एकाच टेबलावर कशाला येतील? त्याने तेही पत्र लिहिलं. नुसती सही उघडीबोडकी दिसते म्हणून दोन्ही पत्रांवर स्टोअरचा शिक्का मारला. शिक्क्यावर अक्षरं होती: 'रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन'.

जूनमध्ये कागद एकाच टेबलावर आले. एकच मुलगी दोन फॉर्मांवर दिसते, पुरावा पाठवा, अशी नोटीस नवरा-बायको दोघांनाही गेली. दोघंही घाबरले आणि एकमेकांना न सांगता घरच्या जुन्याच टॅक्सवाल्याकडे धावले. हा मोहिद्दीन, मूळचा सोलापूरचा. त्याने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. अक्षर एक, शिक्का एक. बेरीज केली तर रिद्धी त्या एका वर्षात आईबापांकडे मिळून सहाशे पंच्याण्णव दिवस राहिली होती.

त्याने रविवारी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. रामेश्वरने आदल्या दिवशी नूरजहाँभाभींना सगळं सांगितलं आणि आता कुणाच्या बाजूने बोलू असं विचारलं. त्या पीठ मळत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"भाईजान, बच्ची तो यहाँ थी," त्या म्हणाल्या.

रविवारी रामेश्वर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून फोनसमोर बसला. पहिली दहा-पंधरा मिनिटं स्मिता आणि नीरव एकमेकांना खोटं ठरवत होते, आणि मग दोघं मिळून रामेश्वरला. बऱ्याच दिवसांत त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. मोहिद्दीनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पालांडेसाहेब, मुलगी तुमच्याकडे नक्की किती दिवस मुक्कामाला होती?"

"दोनशे तेवीस," रामेश्वर म्हणाला. त्याला डायरी बघावी लागली नाही.

स्मिता खाली बघू लागली. नीरवने कॅमेरा बंद केला.

"मग दोघांनाही ही सूट मागता येईल असं मला वाटत नाही," मोहिद्दीन म्हणाला. "मुक्काम मामाकडे, आणि नातं मामाचंही चालतं. हक्क कुणाचा म्हणाल तर तो तुमचा, साहेब. तुम्ही अमेरिकेत रिटर्न भरता का?"

"नाही हो. इथे तर पगारावर टॅक्सच नाही."

"मग राहिलं," मोहिद्दीन म्हणाला.

पण रामेश्वरच्या मनात 'हक्क तुमचा' एवढंच घोळत होतं. चारचौघांसमोर, कायद्याच्या माणसाने म्हटलं होतं. त्याला वेड्यासारखा आनंद झाला. तेवढ्यात स्मिताच्या चौकटीत रिद्धीचं डोकं उगवलं. केस कापले होते, पुढचा एक दात नवा आला होता.

"मामा, आर यू इन ट्रबल?"

"नाही गं. तू जेवलीस का?"

"मामा, इट्स मॉर्निंग हिअर."

अजून काही विचारावं म्हणून तो शब्द जुळवत होता, पण स्मिता म्हणाली की तिचा पोहण्याचा क्लास आहे, निघायला हवं. चौकट गेली. नीरव कधी गेला ते कळलंच नव्हतं. दोघांचे फॉर्म दुरुस्त करून पाठवतो म्हणून मोहिद्दीननेही सलाम केला.

स्क्रीनवर रामेश्वर उरला, आणि खाली एक ओळ आली, की या मीटिंगमध्ये आता तुम्ही एकटेच आहात. फुकटच्या कॉलला मिळणाऱ्या चाळीस मिनिटांतली अकरा मिनिटं शिल्लक होती. कुणी परत आलं आणि आपण नसलो तर बरं दिसणार नाही, म्हणून तो तसाच बसून राहिला. अकरा मिनिटांनी मीटिंग आपोआप बंद पडली.