आधी पाय कुणाचा?

गारिफालियाबाईंचा मुलगा नेक्तारी थिमारी बेटावर घरजावई होऊन गेला, त्या दिवसापासून तो उपाशी आहे, असं बाईंचं ठाम मत होतं. थिमारीला घर बायकोचं असतं, नवरा नुसता चपला घेऊन जातो. तेही चालवून घेतलं असतं. पण स्वयंपाक विहिणीच्या हातचा, हे काही बाईंच्या घशाखाली उतरेना. म्हणून दर शनिवारी सकाळच्या बोटीने भरल्या टोमॅटोंची परात पलीकडे जायची आणि घासूनपुसून परत यायची. त्याचाही बाईंना राग. "घासून कशाला पाठवते? आम्हांला काय भांडी घासता येत नाहीत?"

खरं भांडण मात्र नावाचं होतं. आमच्या बंदरात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, थिमारीला आईच्या आईचं. नात झाली त्या दिवशी विहीणबाई तिकडून फोनवर ओरडल्या, "कल्लिरोई!" या इकडून ओरडल्या, "गारिफालिया!" फोन नसता तरी ऐकू गेलं असतं, मधला समुद्र तो केवढासा. शेवटी पैज लागली. जी आधी दुसरीच्या किनाऱ्यावर पाय ठेवील ती हरली, नाव दुसरीचं. झालं! दोघी आपापल्या धक्क्यावर खुंटासारख्या रोवून उभ्या. पोरीला बोट लागते, म्हणून तिलाही कुणी आणेना. नाव नाही म्हणून बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून पोर चालायला लागली तरी सगळे तिला नुसतं 'बेबा' म्हणत. इकडच्या आजीने अजून तिला मांडीवर घेतलेलं नव्हतं. पण हे बाईंसमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

त्या शनिवारी बाई परात घेऊन धक्क्यावर आल्या त्याच मुळी तणतणत. मागच्या खेपेला पानोर्मी खलाशाने परात रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवली होती. "मेल्या, माझ्या टोमॅटोंना दिव्याची वात लावायची बाकी ठेवलीस! सरक. मीच ठेवते."

पायांत घरातल्या सपाता, कमरेला पदर खोचावा तसा पुढे बांधलेला ॲप्रन. बाई लोखंडी फळीवरून आत गेल्या, जिना चढल्या आणि कप्तानाच्या खोलीत संत निकोलसच्या तसबिरीखाली परात टेकवली. संताला सांगून ठेवलं, लक्ष ठेव. खाली येतात तर फळी वर आणि बंदर लांब.

"थांबव बोट!"

"बाई, बोट आहे ती, गाढव नव्हे," पानोर्मी म्हणाला.

"गाढव थांबतं रे माझ्या शब्दाला!"

"आलाच आहात तर नातीला भेटून या की."

"मी आलेली नाही," बाई म्हणाल्या. "बोट आली आहे. मी हिच्यातून उतरणार नाही."

आणि खरंच, थिमारीला फळी पडली तरी बाई फळीच्या टोकाशी परात घेऊन बसल्या. समोर नेक्तारी, त्याच्या कडेवर बेबा आणि मागे विहीणबाई. त्याही सपातांतच, कारण परातीत काय चुका आहेत हे बघायला त्या दर शनिवारी जातीने यायच्या.

"उतरा की, विहीणबाई," कल्लिरोईबाई गोड आवाजात म्हणाल्या. "एकच पाऊल."

"तुम्ही चढा. तुमची पावलं लहान आहेत, कुणाला दिसणार नाही."

"टोमॅटोंतल्या भातात मनुका घातल्यात वाटतं? आमच्याकडे मनुका मेलेल्याच्या नैवेद्यात घालतात."

"आमच्याकडे चवीसाठी घालतात. तुम्हांला माहीत नसेल."

एवढ्यात बेबा बापाच्या कडेवरून उतरली, टुकूटुकू फळीवर चढली आणि सरळ परातीत हात घातला. गारिफालियाबाईंनी तिला उचललं. मनुका लावलेल्या बोटांनी पोरीने आजीचं कानातलं धरलं. बाई गप्प झाल्या. सगळं बंदर बघत राहिलं, कारण ही गोष्ट पूर्वी घडलेली नव्हती.

मग धक्क्यावर मांजर दिसलं. बेबा सुळकन खाली, आणि मांजरामागे. "अगं, पाण्यात जाशील!" बाई तिच्यामागे. इकडे परात उघडी पडलेली बघून समुद्रपक्ष्यांचा थवा उतरला. कल्लिरोईबाईंनी विहिणीला नावं ठेवली असतील, पण अन्नाची नासाडी? "हुश्! मेल्यांनो!" म्हणत त्या फळीवर चढल्या, परात उचलली आणि पक्षी पाठ सोडेनात म्हणून पळत आत गेल्या.

भोंगा झाला. फळी वर गेली.

गारिफालियाबाई नातीला पोटाशी धरून थिमारीच्या धक्क्यावर उभ्या होत्या, आणि विहीणबाई परात पोटाशी धरून आमच्या बंदराकडे निघाल्या होत्या. पुढची बोट संध्याकाळी.

दिवसभर बाईंनी विहिणीच्या घरात मांडणीच्या फळ्यांवर बोट फिरवून पाहिलं. धूळ मिळाली नाही. नेक्तारीला पोट सुटलंय हे मात्र मिळालं. इकडे विहीणबाई आमच्या गल्लीत आल्या, तुळशीच्या कुंडीखालची किल्ली काढली, कारण किल्ली सगळ्यांची तिथेच असते, आणि अंगणात परात मांडून बसल्या. आम्ही शेजारणी गोळा झालो. मनुकांना नावं ठेवत ठेवत त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

संध्याकाळी दोघी थिमारीला फळीवर भेटल्या. एक उतरत होती, एक चढत होती.

"पाय मी ठेवला," गारिफालियाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "शब्द तो शब्द. नाव कल्लिरोई."

"काही नाही! बोटीत मी चढले, तुमच्या घरात शिरले. नाव गारिफालिया."

"माझ्यावर उपकार करता? कल्लिरोई!"

"शब्दाच्या पक्क्या काय तुम्ही एकट्याच? गारिफालिया!"

नेक्तारीने डोक्याला हात लावला. बेबा अजून बेबाच आहे.

आता शनिवारी परात दोन्हीकडून निघते. आणि ती नीट ठेवायला म्हणून दोघींपैकी एक बोटीत चढते. फळी उचलायच्या आधी पानोर्मी घसा फोडून ओरडतो, "बाई, उतरा, बोट सुटते!" पण त्या वेळी नेमकं त्यांना ऐकूच येत नाही.