या एकदा घरी

जरा जवळ सरका. ही गोष्ट लांब बसून ऐकायची नव्हे. आणि मागच्या त्या कपाटाचं दार लागलंय ना, तेवढं आधी बघून घ्या.

२०१६ सालचा जुलै. पार दक्षिण गोलार्धातल्या पामर्स्टन नॉर्थच्या कडक थंडीत दुपारी चारलाच उजेड पातळ होतो आणि पाचला चक्क दिवेलागण. पुरुषोत्तमने देवापाशी निरांजन लावलं, हात जोडले, आणि घरात कुणीतरी हुंकारलं.

"हंऽऽ... हं, हं, हं."

"शकु, ठसका लागला का गं?"

"मला वाटलं तुम्हीच घसा खाकरताय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

आवाज जड होता, ओला होता, पाण्याच्या तळातून वर आल्यासारखा. असा आवाज त्यांनी आठवड्यापूर्वीच ऐकला होता, दक्षिण आफ्रिकेतल्या एका पाणथळ अभयारण्यात, होडीपासून तीन हातांवर.

ती सहल पुरुषोत्तमला आठवायचीच नव्हती. त्याचे वडील मधुकरबुवा चिपळूणकडचे कीर्तनकार. त्यांचं एकच कीर्तन मागे उरलं होतं, मुठीत मावेल अशा छोट्या रेकॉर्डरमध्ये. रोज ठरल्या वेळी तो मिनिटभर आपोआप वाजायचा. आफ्रिकेत पोचल्यावर पुरुषोत्तमने त्याला तिथलं घड्याळ लावून सकाळी सातची वेळ दिली होती. बुवांच्या आवाजाशिवाय त्याचा दिवस उगवत नसे.

मान अवघडली म्हणून विमानातली उशी गळ्यात घालूनच तो होडीत बसला होता. पाणघोड्याचा आवाज टिपावा म्हणून त्याने रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं. तेवढ्यात पाणी दुभंगलं आणि ते धूड समोर वर आलं. डोळे बारीक, कान हलते, नजर थेट पुरुषोत्तमवर. नावाडी होडी वळवायला लागला. भीतीने वाचा बसावी, तर याची शिस्त जागी झाली. निघताना 'जातो' म्हणू नये!

"येतो हं आम्ही," तो हात जोडून म्हणाला. "तुम्हीही या एकदा घरी."

होडीने हिसका दिला, धावपळ उडाली, काहीतरी डुबकन पाण्यात गेलं. किनाऱ्यावर खिसे चाचपले तर रेकॉर्डर नाही. बुवा गेले तेव्हा पुरुषोत्तम वेळेवर पोचला नव्हता. आता बुवा दुसऱ्यांदा गेले, आणि तेही त्याच्याच हातून.

आणि आता हा हुंकार.

दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. या वेळी माग लागला. आवाज बोळातल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातून येत होता. तिथे टॉवेल, थर्मल, सहलीहून आलेल्या दमट वस्तू, सगळं शकुने वाळत घातलेलं. आतून काहीतरी पुटपुटलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्लंबर आला. त्याने पाइपवर दोन टिचक्या मारल्या. "पाइपात हीप्स ऑफ एअर, मेट. स्वीट ॲज!" म्हणजे सगळं झकास, असं सांगून तो गेला. पाचला हवेने पुन्हा हुंकार दिला.

"तुम्ही त्याला आमंत्रण का दिलंत?" शकु कुजबुजली.

"अगं, रीत म्हणून!"

"रीत माणसांशी. आता आलाय तर उपाशी कसा ठेवायचा?" असं म्हणून तिने मागच्या दाराबाहेर कोबीचा गड्डा ठेवला. सकाळी तो अर्धा कुरतडलेला. नदीवरचं धुकं अंगणात उतरलं होतं आणि दवात पावलं उमटली होती. पाणघोड्याच्या मानाने पावलं फार लहान होती, पण मोजायला बाहेर जातंय कोण?

चौथ्या दिवशी पाचला लेकीसह तिघं बोळात उभी राहिली. हुंकार झाला, पुटपुट झाली, आणि मग कपाटातून स्पष्ट शब्द आले:

"आलो... आलो रे बाबा... दार उघड."

"बाबा, द हिप्पो स्पीक्स मराठी!" दहा वर्षांची ईशा किंचाळली.

"तुझ्यापेक्षा बरं बोलतोय," शकु म्हणाली. आणि तिने ईशाला मागे ओढलं.

त्या रात्री घरात दिवे मालवले गेले नाहीत.

पाचव्या दिवशी पुरुषोत्तम एकटाच कपाटासमोर उभा राहिला. पळून जावंसं वाटत होतं. पण बुवा म्हणायचे, दारी आलेल्याला परत धाडू नये, कुठल्या रूपात कोण आलंय कुणी सांगावं? आतून हाक आली, "दार उघड!" त्याने देवाचं नाव घेतलं आणि दार ओढलं.

ऊबदार वाफ तोंडावर आली. समोर टॉवेल, आणि टॉवेलांवर विमानातली उशी. उशी बोलत होती.

त्याने चेन उघडली. आत रेकॉर्डर. होडीतल्या गोंधळात त्यानेच तिथे कोंबला होता, कोंबताना बटण दाबलं जाऊन रेकॉर्डिंगही थांबलं होतं. घड्याळ अजून आफ्रिकेचं. तिकडे सकाळचे सात, इकडे संध्याकाळचे पाच.

त्याने दोघींना हाक मारली आणि तिघांनी जमिनीवर बसून पहिल्यापासून ऐकलं. आधी पाणघोडा. मग पुरुषोत्तमचा कापरा आवाज, "तुम्हीही या एकदा घरी." आणि श्वासही न घेता मधुकरबुवा, कीर्तनातल्या देवाच्या भूमिकेत बोलत असलेले, "आलो! आलो रे बाबा, दार उघड!" त्यापुढे सगळं कीर्तन जसंच्या तसं. भक्ताची हाक तेवढी पुसली गेली होती. तिथे आता पुरुषोत्तमची होती.

तो लहान मुलासारखा रडला. शकुने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग पाण्यात काय पडलं हो?"

पुरुषोत्तमने खिसा चाचपला. "लवंगांची डबी."

"बरं झालं. आता सुटेल त्याचा घसा."

कुंपणावर तिथला मांजराएवढा निशाचर प्राणी, एक गलेलठ्ठ पॉसम, उरलेल्या कोबीकडे बघत होता.

तेव्हा मंडळी, तिन्हीसांजेला दाराशी हाक आली तर घाबरू नका. आणि दिवा लावाल तेव्हा मधुकरबुवांची तेवढी आठवण ठेवा. जमलंच तर त्यांच्याआधी सूर लावणाऱ्या त्या लांबच्या पाहुण्याचीही.