कारण: अँटीव्हायरस बसवणे

सीडीची चकती तीनदा आत गेली आणि तीनदा बाहेर आली. चौथ्यांदा पुंडलिकरावांनी ती बनियनच्या टोकाला पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा आत सरकवली. पडद्यावर तीच इंग्रजी पाटी आली. तुमची विंडोज जुनी आहे, हा प्रोग्राम इथे बसणार नाही. खाली बटण एकच, 'ओके'. म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती.

पुंडलिकरावांनी ओके दाबलं नाही. त्यांनी बडोद्याला फोन लावला.

"दिपेश, अँटीव्हायरस बसत नाय रे."

"कुठला अँटीव्हायरस?"

"तूच बोललास ना, कॉम्प्युटरवर बँकेचं बघता तर अँटीव्हायरस टाका. आणला. मोठा डबा हाय, वरती पहारेकऱ्याचं चित्र."

"बाबा, हल्ली डबा कोण आणतं? मी दिवाळीत येऊन टाकणारच होतो."

"कुठल्या दिवाळीत?"

दिवाळी होऊन गेली होती, संक्रांतही होऊन गेली होती.

पुंडलिकराव एकतीस वर्षं तारापूरच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर होते. नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, कारण आणि शेरा हे पाच रकाने भरल्याशिवाय त्यांनी माशी आत सोडली नाही. मालकाच्या सख्ख्या मेहुण्याला त्यांनी एकदा भर उन्हात वीस मिनिटं उभं केलं होतं. का, तर त्याने 'कारण' या रकान्यात 'सहज' असं लिहिलं. "सहज कोन येतो का?" असं त्यांनी त्याला विचारलं होतं. एवढं करून नोकरी टिकली, कारण माणूस खोटी नोंद कधी करत नाही हे मालकालाही ठाऊक होतं.

निवृत्त झाल्यावर वहीची सवय काही सुटली नाही. सरावलीच्या दोन खोल्यांत दारामागे स्टूल होतं, स्टुलावर लांब वही आणि दोरीने बांधलेलं पेन. पत्नी चंद्रकांताबाई होत्या तोवर चिंचणीहून त्यांचा भाऊ सुके बोंबील घेऊन आला, तरी आधी त्याची सही. "माज्या भावाला चोर समजतो हा मानूस," म्हणत त्या वही तांदळाच्या डब्यात लपवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता वही लपवणारं कुणी नव्हतं आणि सही करणारंही फारसं कुणी नव्हतं. तीन महिन्यांत अर्धं पान भरलं होतं: मीटर रीडिंग, गॅस सिलिंडर, मीटर रीडिंग आणि चुकीच्या पत्त्यावर आलेला एक कुरिअरवाला. त्या कुरिअरवाल्याच्या आत-बाहेरच्या वेळांत बावीस मिनिटांचं अंतर होतं. त्याला पाणी, मग चहा देऊन आणि मग चंद्रकांताबाईंचा फोटो दाखवून झाला होता.

"थांबा बाबा, मी इथूनच बघतो," दिपेश म्हणाला. "त्यासाठी यायची काय गरज?"

मागच्या गणपतीत त्याने कॉम्प्युटरवर लांबून बघायची काहीतरी सोय करून ठेवली होती. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. पुंडलिकराव हात मांडीवर ठेवून बघत बसले. मुलगा घरात होता आणि नव्हताही. दहा मिनिटं बाण इकडून तिकडे धावला, शेवटी त्याच पाटीपाशी येऊन अडला. पुंडलिकरावांनी वहीत लिहिलं: दिपेश, आत ११.०५, बाहेर ११.१५. 'शेरा'मध्ये बराच विचार करून लिहिलं, 'दारातून आला नाही.'

"तुमची विंडोज सेव्हन आहे बाबा, ह्याला टेन लागते. डबा परत करून टाका."

"सील तोडलं."

"आतल्या नंबरावरची चंदेरी पट्टी तरी खरवडली नाही ना?"

"खरवडली. सीलबंद माल आत घेतला की सीलचा नंबर वहीत लिवायचा असतो."

"बाबा, तो केमिकलचा ड्रम नाहीये."

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या दुकानातून रिद्धी आली. दुकान तिचंच, चाळिशीची बाई, स्कूटरवर अर्धं दुकान घेऊन फिरायची. आधी तिला सही करायला लागली. पट्टी बघितल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"काका, हे मी परत नाय घेऊ शकत. आणि डब्याच्या मागं लिहिलंय ना, विंडोज टेन आणि पुढं."

"बारीक अक्षर हाय. दिसत नाय आता."

रिद्धीने त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी दारात सही करताना याच माणसाने तिच्या स्कूटरचा नंबर अंगणापलीकडून वाचून लिहिला होता, चष्म्याशिवाय. तिने डबा बाजूला सारला आणि मशीनचं झाकण उघडलं.

नवी विंडोज टाकायची तर मशीनमध्ये रॅम वाढवायला हवी होती. रॅम घेऊन ती शुक्रवारी आली. रॅम बसली, तर पंखा बंद पडला. पंखा घेऊन सोमवारी आली. पंखा फिरला, पण तेवढ्यात वीज गेली, अर्धी चढलेली विंडोज तिथेच अडकली आणि कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला. बुधवारी पुन्हा. पुंडलिकराव दर खेपेला गंभीर चेहऱ्याने "अरेरे" म्हणत आणि आतल्या खोलीत जाऊन चहाचं आधण ठेवत. बिस्किटांचा पुडा आता घरात कायमचा आला होता.

चारदा स्कूटर दिसली म्हटल्यावर सुकी मासळी विकणारी जमना टोपली ओट्यावर ठेवून डोकावली.

"भाव, कोन आजारी हाय का?"

"कॉम्प्युटर."

"मंग मी बसतं जरा. पाय दुखतान."

"आधी सही."

"मला लिवता नाय येत, तुमाला म्हाईत हाय."

"अंगठा दे."

जमनाने अंगठा दिला, चहा घेतला आणि काळ्या पडद्याकडे बघत सांगून टाकलं, की याची दृष्ट काढायला पाहिजे. रिद्धी हसली. पुंडलिकरावांना फार दिवसांनी घरात तीन कप लागले, आणि तिसरा कप शोधायला त्यांना वरचं फडताळ उघडावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळी ते कप धुताना गुणगुणत होते.

पण चांगलं मशीन नीट झाल्याशिवाय राहत नाही. शनिवारी विंडोज टेन पूर्ण चढली, चकती आत गेली आणि आतच राहिली. पहारेकरी पडद्याच्या कोपऱ्यात भाला घेऊन उभा राहिला. रिद्धीने हत्यारं पिशवीत भरली.

"झालं काका. आता काय मला यायची गरज नाय."

"नाय, नाय. झालं तेच चांगलं," पुंडलिकराव म्हणाले आणि त्यांनी 'बाहेर'च्या रकान्यात वेळ लिहिली. स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दारात उभे होते. मग घर एवढं शांत झालं, की नव्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यांना ते सहन होईना. त्यांनी दिपेशला फोन केला.

"बसला रे अँटीव्हायरस."

"अरे वा. थांबा, बघतो."

तेवढ्यात पडद्यावर लाल चौकोन उगवला. बाहेरचं मशीन, नाव दिपेश, आत येऊ पाहत आहे. खाली दोन बटणं, 'येऊ द्या' आणि 'अडवा'. पुंडलिकराव ताठ बसले.

"कारण काय?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कसलं कारण? सहज बघतो बाबा, नीट बसलाय का."

"सहज?"

त्यांनी 'अडवा' दाबलं.

"बाबा, मला आत येता येत नाहीये. काय दाबलंत?"

"गेटवाल्यानं अडवलं तुला."

"मग आता कसा येऊ मी?"

"दारातनं ये," पुंडलिकराव म्हणाले. "दार उगडंच असतं दिवसभर."



पुढच्या रविवारी सकाळी दिपेश खरोखरच आला, एकटाच, खांद्याला पिशवी. पुंडलिकरावांनी त्याला बघितलं आणि सवयीने पेन पुढे केलं. मागे एकदा "बापाच्या घरात सही?" म्हणून तो चिडला होता. या वेळी त्याने निमूटपणे वही ओढली. सही करता करता त्याची नजर वर सरकली. रिद्धी, जमनाचा अंगठा, मग चार वेळा रिद्धी. त्याच्याही वर, जिथून हे सगळं सुरू झालं होतं, तिथे वडिलांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: 'अँटीव्हायरस, डबा एक, सील नंबर...' आणि पुढे शेरा. 'डब्यामागे विंडोज टेन लिहिले आहे. आपली सेव्हन. बसणार नाही, हे दुकानातच वाचले. दिपेशला बोलवावे लागेल.'

दिपेशने ते दोनदा वाचलं. पुंडलिकराव खिडकीच्या गजावरची धूळ पुसत होते. तिथे धूळ नव्हती.

दिपेशने 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'अँटीव्हायरस बसवणे.'

पुंडलिकरावांनी येऊन वाचलं. पडद्याच्या कोपऱ्यात पहारेकरी आठवडाभर उभाच होता. एकतीस वर्षं गेटवर आणि त्यानंतर घरी, या माणसाने खोटी नोंद कधी चालवून घेतली नव्हती. त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत खाली ठेवलं.

"चहा टाकतो," ते म्हणाले.

दिवसभरात कॉम्प्युटर कुणी चालूही केला नाही. बापलेक जमनाकडून बोंबील घेऊन आले, चंद्रकांताबाई वही कुठे कुठे लपवायच्या ते आठवून हसले, आणि दुपारी एकाच चटईवर झोपले. पाच वाजता दिपेशची गाडी होती. जाताना त्याने 'बाहेर'ची वेळ स्वतः लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात वडिलांसारखंच वळणदार अक्षर काढायचा प्रयत्न करत लिहिलं:

'काम अर्धवट राहिले. परत यावे लागेल.'