मुक्काम दारूखाना

समुद्र आमच्या रक्तात आहे, असं मी गेली तीस वर्षं घोडपदेवच्या चाळीत सांगत आलोय. रक्तात साखरही आहे, पण ती डॉक्टरांनी सांगितली. समुद्राचं माझं मीच शोधून काढलं.

रिटायर झाल्यावर मला देवगडला गावच्या घरी राहायला जायचं होतं. अगदी मनापासून. पण शेवंती, म्हणजे आमची बायको, चाळ सोडायला तयार नव्हती. एकदा वैतागून म्हणाली, "बोटीने नेणार असाल तर येते. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही."

तिला वाटलं, विषय मिटला. मी दुसऱ्याच दिवशी दारूखान्यात, जिथे मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान मिळतं, तिथे एक जुनी लाइफबोट घेतली! माझा मित्र हितेंद्र, जन्मभर गॅरेजमध्ये राबलेला. त्याने तिला इंजिन बसवलं. बोटीतच गादी, स्टोव्ह आणि देव. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचं, रात्री एखाद्या खाडीत थांबायचं आणि आठवड्याभरात देवगड गाठायचं, असा बेत होता.

मुहूर्त शेजारच्या कालिंदीमावशींनी काढला. मार्गशीर्षातला शुक्रवार. आमच्या हातावर दही ठेवून त्यांनी बजावलं, "आता पाय मागे घेवचो नाय. घेतलास तर सगळा फुकट."

निघालो, तर मागोमाग आख्खी चाळ धक्क्यावर! आमच्याकडे गावाला जाणाऱ्याला कुणी रिकामं सोडत नाही. "गावाक जातास मा? मगे ह्यां येवढां घेवन जा." येवढां म्हणजे कुणाचा कुकर, कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा टीव्ही, आणि मावशींच्या बहिणीसाठी लोखंडी कपाट. नाही कसं म्हणणार? उद्या त्याच गावात राहायचं होतं.

कपाट चढलं आणि बोट बसली. थेट चिखलात. हितेंद्रने इंजिन लावलं, तर बोट जागची हलली नाही. निरोप द्यायला आलेल्यांचे कपडे मात्र रंगले.

"भरती आली की उठेल," तो म्हणाला.

भरती आली, बोटीला प्रदक्षिणा घालून परत गेली.

"कपाट उतरवूया," मी म्हटलं.

"खुळावलास काय रे?" मावशी कडाडल्या. "कपाटपण मुहूर्तावरच निघालाहा!"

म्हणजे आता अमावास्येच्या मोठ्या भरतीपर्यंत आम्ही बोटीवरच. चाळीच्या गच्चीवरची टाकी इथून दिसायची, पण घरी जायची सोय नव्हती. शेवंतीने पार्सलातला कुकर चढवला. हितेंद्रने कुठूनशी वायर ओढून टीव्ही लावला. संध्याकाळी सगळी चाळ मालिका बघायला यायची, चहा पिऊन जायची. देवगडहून थोरला भाऊ धोंडू रोज फोन करायचा.

"खंय पोचलास?"

"खाडीत."

"काल पण खाडीतच होतस!"

"मोठी आहे रे."

अमावास्येला पाणी चढलं. बोट हलली, डुलली, तरंगली! इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. शेवंती देवांसमोर हात जोडून बसली होती. म्हणजे ती खरंच येणार होती. मला भरून आलं.

तेवढ्यात धक्क्यावर टेम्पो थांबला आणि त्यातून धोंडू उतरला. माझ्या काळजीने रात्रीची बस धरून मुंबईला आला होता आणि चाळीत चौकशी करून इथवर पोचला होता. मागून उकड्या तांदळाची पोती, नारळ, कुळीथ, सुपारी. गावाने चाळीसाठी दिलेलं.

"अरे, नको, नको!" मी ओरडलो.

"मुंबईक येतंय तर रिकाम्या हातान कसो येव?" असं म्हणत त्याने टेम्पोवाल्याच्या मदतीने सगळं बोटीत चढवलं. शेवटी स्वतः चढला. बोट पुन्हा बसली.

मग शेवंतीने पदर खोचला. "मला बोटीने गावाला नेणार होतात ना? गावच बोटीत आलं. चला आता घरी."

हरलो. निमूट पिशवी उचलली, तर धक्क्यावर मावशी.

"खंय चाललास?"

"घरी."

"आणि घराक परतूचो मुहूर्त? आज अमावास्या, उद्यापासून पौष लागता. पौषात कसलो मुहूर्त? आता माघात बघूया."

त्यामुळे सध्या आम्ही इथेच आहोत. धोंडूही. पौषात त्यालाही निघता येत नाही. तुम्ही कधी दारूखान्याकडे आलात तर जरूर या, चहा घेऊ. फक्त येताना, हात जोडून सांगतो, रिकाम्या हाताने या.