बारा वाजताचा नंबर

एका जंगलात उन्हाळा लागला की एकच पाणवठा उरायचा. वाघापासून सशापर्यंत सगळे तिथेच पाणी प्यायला यायचे, आणि आलेले सगळेच परत जायचे असं नाही. बाळांनो, ही व्यवस्था कित्येक वर्षं चालली. पण पुढे वाघमहाराजांच्या राज्यात घरोघरी मोबाइल आले, आणि मोबाइल आला की जुनं सगळं गैरसोयीचं वाटू लागतं.

महाराजांनी अ‍ॅप करायला सांगितलं. नाव ठेवलं 'घोटभर'. अ‍ॅपवर वेळ मागायची, अ‍ॅप नंबर देणार. खाणारे आणि खाल्ले जाणारे एका वेळी पाण्यावर येणार नाहीत, एवढंच त्याने पाहायचं. कामाचे प्रमुख होते कोल्हेसाहेब. अ‍ॅप लिहीत होता निशिकांत वानर. आणि त्याने लिहिलेलं तपासायला, म्हणजे टेस्टिंगला, होती सगुणा घोरपड.

सगुणाने घुबडसरांच्या क्लासमध्ये टेस्टिंगचा कोर्स केला होता. सहा आठवडे, नोकरीची हमी. सरांनी चौदा व्याख्या पाठ करून घेतल्या, बायोडेटा कसा फुगवायचा ते शिकवलं आणि सोनेरी काठाचं सर्टिफिकेट दिलं. प्रत्यक्ष अ‍ॅप तेवढं दाखवायचं राहून गेलं. प्रॅक्टिकलचा तास दिवसा होता आणि सर दिवसा झोपायचे.

खरं काम ती नोकरीवर शिकली. ती तासन्‌तास पाणवठ्यावर बसायची आणि कोण फोन कसा धरतो ते बघायची. अस्वलाच्या जाड पंजाखाली एकदम तीन बटणं दाबली गेली तर काय होईल? रानडुकराने चिखलाच्या पायाने नंबर घेतला, रद्द केला, परत घेतला, असं चाळीस वेळा केलं तर? ती स्वतः तसं करून बघायची आणि वहीत लिहायची. महिन्याभरात वहीत एकतीस चुका जमल्या.

"माझ्या फोनवर तर चालतंय, सगुणाताई," निशिकांत दर वेळी म्हणायचा.

"तुझ्या फोनवर पाणी प्यायला कोण येणार आहे?" सगुणा विचारायची.

मग तो कुरकुरत चूक दुरुस्त करायचा. तीस चुका अशा गेल्या. राहिली एकतिसावी. अ‍ॅपला दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यातला फरक कळत नव्हता. त्याच्या लेखी बारा म्हणजे बारा. महाराज रोज रात्री बाराला पाणी प्यायचे. हरणं यायची दुपारी बाराला.

सगुणा वही घेऊन कोल्हेसाहेबांकडे गेली.

"साहेब, यात जीव जाईल."

"सगुणाबाई, परवा उद्‌घाटन आहे. पत्रिका वाटून झाल्यात. आणि चूक हा शब्द जरा टोचतो. 'सूचना' लिहा."

तिने सूचना लिहिली. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि कागद फाइलला लावला.

उद्‌घाटनाच्या दिवशी सगुणाने अ‍ॅप उघडलं. महाराजांचा नंबर बाराचा. केतकी हरणीच्या कळपाचाही बाराचा. केतकी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. सगुणा ऑफिस सोडून तशीच सरपटत निघाली आणि तिने कळपाला वाटेतच अडवलं.

"आत्ता जाऊ नका. तीननंतर या."

"अगं, अ‍ॅपवर हिरवं दिसतंय," केतकी म्हणाली.

"ते हिरवं मीच तपासलंय. म्हणून सांगते."

कळप तहानलेला थांबला. दुपारी बाराला महाराजांच्या फोनची घंटी वाजली. ते डोळे चोळत आले, रिकाम्या पाणवठ्यावर पोटभर पाणी प्याले, शिस्तीचं कौतुक केलं आणि परत जाऊन झोपले. उद्‌घाटन निर्विघ्न पार पडलं.

आठवड्याने सगुणाच्या कामाचा आढावा झाला. कोल्हेसाहेबांनी वाचून दाखवलं. कामाच्या वेळेत जागेवर नसणं. वापरणाऱ्यांमध्ये घबराट पसरवणं. नकारात्मक दृष्टिकोन.

"साहेब, मी अडवलं म्हणून कोणी मेलं नाही."

"कोणी मेलं नाही, म्हणजे चूक नव्हती," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

केतकीनेही अ‍ॅपवर एकच चांदणी दिली होती. खाली लिहिलं होतं, 'पोरं तीन तास तहानलेली राहिली. कारण कळलं नाही.' ते वाचून सगुणाला आढाव्यापेक्षा जास्त लागलं. दोन दिवस तिने वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. सवयच तशी.

मधल्या काळात महाराज सरहद्दीच्या दौऱ्यावर होते, त्यामुळे अ‍ॅप छान चाललं. शेजारच्या जंगलातल्या मासिकाने कोल्हेसाहेबांचा फोटो मागितला. साहेबांनी पाणवठ्यावरची दुपारी बाराची वेळ घेतली. त्या वेळी उजेड चांगला असतो. त्याच सकाळी महाराज दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी आपली नेहमीची रात्रीची बाराची वेळ घेतली.

सगुणाने दोन्ही नंबर पाहिले. ती साहेबांच्या दारात गेली.

"साहेब, आज बाराला जाऊ नका. महाराजांचाही नंबर बाराचाच लागलाय."

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

"काही नाही."

"मग?" असं म्हणून साहेबांनी शेपटीवरून कंगवा फिरवला. तिने सूचना लिहून दिली. त्यांनी 'पाहिले' असा शेरा मारला आणि निघाले.

कोल्हेसाहेब वाचले. शेपटी वाचली नाही.

"अ‍ॅपने सांगितलं होतं, या वेळी पाण्यावर माझ्याशिवाय कोणी नसेल," महाराज नंतर दिलगिरीने म्हणाले. "म्हणून जे दिसलं ते माझंच समजलो."

एकतिसावी चूक निशिकांतने त्या दिवशी तासाभरात दुरुस्त केली. चौकशी समिती बसली. साहेबांनी आधी सगुणालाच विचारलं, "तुम्ही ठासून का नाही सांगितलंत?" तिने दोन्ही कागद पुढे केले. समितीने शेरे वाचले आणि निकाल दिला, की साहेबांनी ही चूक दोनदा 'पाहिली' होती. तिसऱ्यांदा तर जिवावर उदार होऊन जागेवर जाऊन तपासली. महाराजांनी त्यांना 'उत्कृष्ट टेस्टर'चं पदक दिलं. घुबडसरांनी त्यांना क्लासमध्ये अनुभवाचे बोल ऐकवायला बोलावलं. सगुणाला भाषण टाइप करून द्यायला सांगितलं.

ती टाइप करत बसली होती, तेव्हा केतकी आली. चांदणीचा विषय दोघींनीही काढला नाही.

"उद्या आमचा साडेतीनचा नंबर आहे," केतकी म्हणाली. "हिरवं दिसतंय. पण तू सांग. येऊ का?"

सगुणाने साहेबांचं भाषण अर्ध्यावर सोडलं आणि फोन हातात घेतला.

"थांब, बघते," ती म्हणाली.

तात्पर्य: बाळांनो, जो चूक वेळेवर शोधतो त्याला शंकेखोर म्हणतात आणि जो चुकीत सापडतो त्याला अनुभवी म्हणतात. तेव्हा टेस्टिंगमध्ये नाव काढायचं असेल तर कौशल्यं मन लावून शिका, सर्टिफिकेट भिंतीवर लावा, पण अनुभव घ्यायची वेळ आली की साहेबांना पुढे जाऊ द्या.