टिपणीसांची स्कॉटलंडमधली गढी

टिपणीसांना डोळे बांधून स्कॉटलंडमधल्या एका गढीत सोडलं, तर ते सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येतील. वाटेतल्या दोन पायऱ्यांनाही ठेचकाळणार नाहीत. आता गंमत अशी, की टिपणीस स्कॉटलंडला कधी गेलेलेच नाहीत. अबुधाबीहून त्यांची सगळ्यात लांबची धाव म्हणजे अल ऐन, तीही कंपनीच्या गाडीतून.

नव्वदच्या दशकात ते आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्यानं राहायचे. वय अठ्ठावन्न, लग्न नाही, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन. तोंडी एकच पालुपद, "कोपरा जुळत नाही!" शेजाऱ्यांचं भांडण असो की माझी करंजी, यांचा कोपरा काही जुळायचा नाही. अहो, करंजीला कोपरे तरी किती असतात!

त्यांचे साहेब स्कॉटिश, तिथल्या एका जुन्या सरदार घराण्याचे वारस. तीनशे वर्षांची गढी, बेचाळीस खोल्या, आणि राहणारी एकटी म्हातारी आई. साहेबांना गढी हॉटेलवाल्यांना द्यायची होती. हॉटेलवाले म्हणाले, आधी नकाशा आणा. तो कुणाकडेच नव्हता. मग साहेबांनी हे लोढणं टिपणीसांच्या गळ्यात घातलं. आईनं मापं घेऊन फोनवर सांगायची, टिपणीसांनी इथे नकाशा काढायचा. तो झाला, की गढी हॉटेलवाल्यांची आणि आई शहरातल्या दोन खोल्यांत.

फोन आमच्या हॉलमध्ये. शुक्रवारी मटण जेवून आम्ही जरा आडवे झालो, की दोनच्या ठोक्याला घंटी. "यल्ला, चला चला, बाईसाहेब आल्या!" म्हणत टिपणीस धावायचे. ऐंशीच्या बाईसाहेब तिकडे शिवणकामाची टेप घेऊन भिंती मोजायच्या, हे इकडे जमिनीवर पालथे पडून रेघा मारायचे. तास, दीड तास. माझी झोप गेली उडत!

मुलीच्या वाढदिवसालाही हॉलभर ट्रेसिंग पेपर. पाहुण्या बायका भिंतीला चिकटून उभ्या. "अहो, दिवाणखान्यात चपला घालून काय आलात!" टिपणीस ओरडले. मुलगी केक घेऊन ताटकळली. "काका, व्हेअर डू आय पुट धिस?"

"पागेत ठेव, बाळ. तिथे घोडे नाहीत आता."

सरदारांच्या सात पिढ्यांचा तर त्यांना घरच्यासारखा राग यायचा. "थोरल्यांनी खिडक्यांवरचा कर चुकवायला अकरा खिडक्या बुजवल्या, वहिनी! आणि धाकट्या पातीनं बिलियर्डची खोली चिकटवून सगळा विचका केला." मी म्हणायची, "मग जाऊन भांडा ना!"

दीड वर्ष झालं तरी नकाशा संपेना. साहेब चिडलेले, मी त्याहून. एका शुक्रवारी टिपणीसांना अचानक साइटवर जावं लागलं आणि फोन मी उचलला. बाईसाहेब म्हणाल्या, "त्यांना सांगा, लायब्ररीचं माप चुकलं होतं. एकोणीस फूट आहे." म्हटलं, आपणच लिहून ठेवू. टिपणीसांची गुंडाळी उघडली. लायब्ररी शाईनं पक्की काढलेली, बावीस फूट तीन इंच. तसं मी सांगितलं.

पलीकडून हळूच उत्तर आलं, "बावीस फूट तीन इंचच आहे, मला माहीत आहे. पण त्यांना कळू देऊ नका हं. काम संपलं की ते फोन कशाला घेतील?"

गुंडाळी पुढे उलगडली, तर बेचाळीसच्या बेचाळीस खोल्या शाईनं पुऱ्या झालेल्या. एक जिना राहिलेला नाही.

संध्याकाळी टिपणीस आले. मी तावातावानं म्हटलं, "बाई तुम्हाला मुद्दाम चुकीची मापं देतात!"

"ठाऊक आहे," ते बूट काढत म्हणाले. "सहा महिने झाले."

"मग नकाशा देऊन का नाही टाकत?"

"दिला की त्या घराबाहेर, वहिनी. नवरा तिथे गेला, मुलं तिथे झाली. खोली मोजता मोजता सगळं सांगतात." दुसरा बूट काढत म्हणाले, "आणि मला तरी शुक्रवारी कोण हाक मारतंय?"

दीड वर्ष हा माणूस माझ्या घरात राहत होता, आणि मी फक्त जमिनीवरचे कागद मोजत होते.

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः दारात उभे. उंचेपुरे, घामाघूम. टिपणीसांनी मला आधी पढवून ठेवलं होतं, विचारलं तर दोन खोल्या राहिल्यात म्हणायचं. पण ऐन वेळी तेच खाली वाकून गुंडाळीची दोरी आवळत बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, किती खोल्या राहिल्या?"

आयुष्यात मी परक्या माणसाशी खोटं बोलले नव्हते. गुंडाळीपुढे पदर सावरून उभी राहिले आणि म्हटलं, "पाच."