चिंचेखालचा तह

"सही करनार न्हाई," धर्मराज म्हणाले आणि अंबाडीचा दोर वळत राहिले.

इंद्रभान औरंगाबादला इंटर झाला होता. हैदराबादच्या एका कॉलेजात बी.ए. ऑनर्सला त्या वर्षी नवाच विषय निघाला होता: देशादेशांचे परस्परसंबंध. अर्ज भरून तयार होता. वडिलांची सही तेवढी हवी होती, आणि मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"ह्यात शिकवत्यात तरी काय?"

"नाना, दोन देशांचं भांडण झालं तर ते मिटवायचं कसं, तह कसा करायचा, वकिलात कशी चालवायची..."

"म्हंजी भांडनं मिटवायची. मंग तुज्या मामाचं आन माजं मिटव आधी. मिटलं की करतो सही. घरातलं मिटंना, आन इंग्रज-जर्मनाचं मिटवाया चाललाय!"

"बराबर हाय," चुलीपुढून त्याच्या आईनं, जयवंताबाईंनी, दुजोरा दिला. त्रिंबकमामा त्यांचा सख्खा भाऊ. चार वर्षांत तो या घरचं पाणी प्यायला नव्हता.

कारण साधं होतं. इंद्रभानच्या बहिणीच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्रिंबकमामाचा. शहागडहून येताना त्याच्या गाडीचं चाक निसटलं. इकडं मुहूर्त टळायला आला, तेव्हा धर्मराजांनी लांबच्या नात्यातल्या कचरूला मामा म्हणून उभं केलं. मंगलाष्टकं संपताना त्रिंबकमामा धापा टाकत मांडवात शिरला, तर त्याचा मानाचा फेटा कचरूच्या डोक्यावर. मामा उभ्या उभ्या माघारी फिरला.

इंद्रभान शहागडला गेला. मामा म्हणाला, "मी दाजींच्या दारात पाय ठेवनार न्हाई." परत घरी कुंभार पिंपळगावला आला. नाना म्हणाले, "मी काय त्याच्या दारात जाऊ?" मग पुस्तकात वाचलेलं इंद्रभानच्या कामी आलं. अशा वेळी बैठक तटस्थ भूमीवर घ्यायची असते. दोन्ही गावांच्या मध्यावर माळावर एक एकटं चिंचेचं झाड होतं. ते ठरलं.

ठरल्या दिवशी सकाळी तो झाडाखाली उभा राहिला. पूर्वेकडून नानांची गाडी आली आणि अलीकडंच थांबली. पश्चिमेकडून मामाची आली, तीही अलीकडंच थांबली. इंद्रभान आधी पूर्वेला पळाला.

"नाना, चला की!"

"आधी त्याला येऊ दी. आधी जाईल त्याला गरज हाय असं हुतं."

तो पश्चिमेला पळाला.

"दाजी आले का झाडाखाली? न्हाई ना? मंग मी बी बिलकुल न्हाई."

तीन-चार फेऱ्यांनंतर त्यानं तोडगा काढला. आपण उपरणं हलवायचं आणि दोघांनी एकदमच चालायला लागायचं. त्यानं उपरणं हलवलं. दोघंही निघाले, पण इतके हळू, की लांबून पाहणाऱ्याला दोघं उभेच आहेत असं वाटावं. अखेर पोचले. खोड ही हद्द ठरली. नाना पूर्वेला बसले, मामा पश्चिमेला, एकमेकांकडं पाठ करून.

आणि नवीन वाद उभा राहिला.

"सावली सम्दी त्याच्याकडं पडलीय," नाना म्हणाले. "ही कसली बराबरी?"

"नाना, सूर्य पूर्वेला आहे. दुपारनंतर सावली तुमच्याकडं येईल."

"म्हंजी मंग मी उनात?" मामा पलीकडून ओरडला. "आधीच सांगायचं हुतं!"

नाना हट्टानं उन्हात बसून राहिले. मामा सावलीत बसून त्यांना ऐकू जाईल असे समाधानाचे सुस्कारे सोडत राहिला. वैशाखातला सूर्य वर चढला तशी सावली आखडत गेली आणि ऐन दुपारी झाडाच्या बुडाशी गोळा झाली. ऊन समोरून रेटायला लागलं. दोघं बसल्या बसल्या खोडाकडं सरकत आले, आणि पाहता पाहता त्यांच्या कोपराला कोपर लागलं.

"सरका जरा."

"कुटं सरकू? उनात?"

बोलणी सुरू झाली, असं समजून इंद्रभान घागर घेऊन विहिरीवर गेला. विहीर लांब होती. परतला तेव्हा त्याला हसणं ऐकू आलं. नाना मामाच्या चंचीतली सुपारी कातरत होते.

"या, जावई!" मामा म्हणाला.

इंद्रभाननं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"आपली पोरगी आसरा तुला दिली त्यानं," नाना म्हणाले. "आता मामा तुजा सासराच झाला. त्याचा मान कोन काढून घेनार? मिटलं सम्दं."

दोन मोठी राष्ट्रं तह करतात तेव्हा मधल्या लहान राष्ट्राला त्याची खबर सगळ्यात शेवटी लागते, हे इंद्रभाननं परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यातलं आपण कोण, हा विचार मात्र कधी केला नव्हता. आसरा वाईट नव्हती. लहानपणी तिनं त्याला नेम धरून बोरं मारली होती, एवढंच.

"पण नाना, मी..."

"लगीन आमच्या शहागडला," मामा म्हणाला.

"का म्हून? पिंपळगावला."

"दाजी, नवरीच्या दारात लगीन करत्यात!"

"मागल्या बारीला तुमचं चाक निसटलं. ह्या बारीला आमचं निसटलं, मंग?"

मामा ताडकन उठला. नानांनी घोंगडी झटकली. तह मोडला तर सही गेली, हैदराबाद गेलं. टिकला तर उद्या हळद लागणार.

"ह्यालाच इचारा!" मामा गरजला. "मधी पडलाय ना? सांग रे इंद्रभान, शहागड का पिंपळगाव? तू म्हनशील ते कबूल."

"मला बी कबूल," नाना म्हणाले.

इंद्रभाननं खिशातून अर्ज काढला आणि पेन उघडलं.

"सांगतो. पण आधी सही. तंटा मिटला, हे नानांनी कबूल केल्याशिवाय मला निकाल देता येत नाही."

नानांनी चिंचेच्या खोडाला अर्ज टेकवून मोडीत सही ठोकली. "झाली. बोल जल्दी."

इंद्रभाननं शाई वाळू दिली, अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"मामा, असल्या निकालाला दोन्ही बाजूंचा नीट अभ्यास लागतो. कॉलेज तीन वर्षांचं आहे. संपलं की आल्या आल्या सांगतो."

मग मामा हळूच म्हणाला,

"दाजी, ह्याला कशाला हैदराबादला धाडून राह्यले? ह्यो तर शिकूनच आल्ता."